रुग्णाला जागे न करणारा गजर

टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बाहेरून घ्यावे लागते; मात्रा जास्त झाली तर झोपेत रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अमेरिकेतील डेना लुईस यांच्या साखरमापकाचा गजर त्यांना जागे करण्याइतका मोठा नव्हता. म्हणून २०१३ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह मोठ्या गजराची प्रणाली रचली. तिच्यातूनच पंपातील इन्सुलिनची मात्रा आपोआप बदलणारी ‘ओपनएपीएस’ घडली. २०१५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. रुग्णाच्याच अडचणीतून ती जन्मली, हे तिचे मोल आम्ही मानतो. मात्र यंत्रे जुळवून ती बसवण्याचे काम रुग्णावरच पडते. मधुमेहानेच ज्याची दृष्टी अधू झाली, त्याने ते कसे करावे? साधन अचूक आहे का, एवढेच विचारून भागत नाही. ते कोणाला वापरता येणार नाही, हेही आधीच विचारायला हवे.