सेकंदाला ४४ चौकटी आल्या कोठून?

फ्रान्समधील ला सिओता स्थानकात आगगाडी येते, एवढाच लुमिएर बंधूंचा तो सुमारे ५० सेकंदांचा चित्रपट. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ झाला, त्यातही आगगाडी येण्याचे दृश्य होतेच. फेब्रुवारी २०२० मध्ये डेनिस शिर्यायेव यांनी या चित्रपटाची ‘सुधारलेली’ आवृत्ती इंटरनेटवर ठेवली. गिगापिक्सेल एआय या सॉफ्टवेअरने त्यांनी स्पष्टता वाढवली आणि डेन या प्रणालीने चौकटी, म्हणजे फ्रेम, सेकंदाला ६० केल्या. आवृत्ती देखणी आहे. फलाटावरची माणसे झटके न खाता चालतात.

आता हिशेब करू. मूळ कॅमेरा हाताने फिरवायचा. सेकंदाला साधारण १६ चौकटी पडत. उरलेल्या किमान ४४ संगणकाने कल्पिल्या, लागोपाठच्या दोन चौकटींवरून. स्पष्टतेचेही तसेच. १९२०×१०८० बिंदूंचे चित्र ३८४०×२१६० केले की दर ४ बिंदूंपैकी ३ अंदाजाने भरावे लागतात, आणि हा अंदाज सॉफ्टवेअर भलत्याच चित्रांवरून शिकलेले असते. प्रवाशाच्या कोटाची जी वीण दिसते ती त्याच कोटाची असेल असे नाही. २०२० मध्येच ड्यूक विद्यापीठाच्या पल्स प्रणालीला बराक ओबामांचे धूसर छायाचित्र दिले, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. स्पष्ट मात्र होता!

सगळ्याच सुधारणा अशा नसतात. शाळेतील जुन्या व्हिडिओ कॅसेटचेच पाहा. पाल पद्धतीत एका चौकटीच्या सम व विषम रेषा १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेल्या असतात. त्या नीट वेगळ्या केल्या की सेकंदाला ५० खरी चित्रे मिळतात, भले निम्म्या रेषांची. येथे माहिती चित्रणातच होती.

वर्गात अडचण येते ती मोजमापात. ८० सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू जमिनीपाशी सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने पोचतो. सेकंदाला २५ चौकटी असतील तर दोन चौकटींमध्ये तो १६ सेंटिमीटर जातो, आणि टेकण्याचा क्षण बहुधा सुटतो. तेथे कल्पित चौकटी भरल्या, तर चेंडू जमिनीला न शिवताच वर वळलेला दिसू शकतो. मुले तोच आलेखावर मांडणार. म्हणून मोजायला मूळ चित्रणच घ्यावे.

शिर्यायेव यांनी साधनांची नावे तरी दिली आहेत. त्यांची आवृत्ती वर्गात जरूर दाखवावी, पण शेजारी मूळ चित्रपटही लावावा. चाके, हात, पाय अशा भरभर हलणाऱ्या भागांच्या कडांकडे मुलांना पाहायला सांगावे. कल्पित चौकटींत कडा विरघळल्याच, तर त्या तेथेच विरघळतात.