शनीच्या सावलीतून : एका छायाचित्राची संहिता

मराठीत आपण ‘शनीची कडी’ म्हणतो. कडे म्हटले की हातातले किंवा पायातले, सोनाराने घडवलेले, अखंड असे काही डोळ्यांपुढे येते. पदार्थ कसा आहे हे शब्दाने आधीच ठरवून टाकलेले असते. १८५९ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गणिताने दाखवून दिले, की ही कडी एकसंध घन असूच शकत नाहीत. असंख्य सुटे कण ग्रहाभोवती फिरत असतील तरच ती टिकतील. शब्द मात्र तसाच राहिला. शनीकडे पाहण्याच्या इतिहासात डोळा पोहोचण्याआधी कल्पना पोहोचलेली असते, याचे हे घरचेच उदाहरण.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे कॅसिनी यानाने १९ जुलै २०१३ रोजी टिपलेले शनीचे छायाचित्र. मी खगोलशास्त्राचा अभ्यासक नाही, साहित्याचा आहे. म्हणून हे छायाचित्र मी एक संहिता म्हणून वाचणार आहे. ते कशातून रचले, त्याला नाव कोणी दिले आणि पाहणाऱ्यांनी त्यात काय वाचले, हे माझे प्रश्न आहेत.

आधी थोडी पूर्वपीठिका. गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून शनी पाहिला, तेव्हा त्याला एका ग्रहाच्या दोन बाजूंना दोन गोळे दिसले. १६१२ मध्ये कडी आपल्या दृष्टिरेषेत आडवी आली आणि ते गोळे नाहीसे झाले. तो गोंधळून गेला. ग्रहाला कुठेही न टेकणारे पातळ, सपाट कडे असावे, हा उलगडा ख्रिस्तियान हॉयगेन्सने १६५९ मध्ये सविस्तर मांडला. पुढे १९४४ साली चेस्ली बोनस्टेल या चित्रकाराने टायटन या उपग्रहावरून शनी कसा दिसेल, हे रंगवले. निळ्या आकाशात तरंगणारा तो शनी पाहून कित्येकांना अवकाशाचे वेड लागले. योगायोग असा, की त्याच १९४४ मध्ये जेरार्ड कायपर यांनी टायटनला वातावरण असल्याचे जाहीर केले. २००५ च्या जानेवारीत हॉयगेन्स हे उपयान टायटनवर उतरले, तेव्हा वर नारिंगी धुके होते. बोनस्टेलच्या चित्रातला शनी तेथून तसा दिसणे शक्य नव्हते. तरीही ते चित्र निकालात निघाले असे मला वाटत नाही. ते कल्पनाचित्र होते आणि कल्पनाचित्र म्हणूनच समोर आले होते. त्याने कोणाला फसवले नाही.

आता कॅसिनीकडे. त्या दिवशी यान शनीच्या सावलीत होते. सूर्य ग्रहाआड गेल्यामुळे कॅमेऱ्याला एरवी जिकडे रोखता येत नाही त्या दिशेला पाहता आले, आणि मागून येणाऱ्या प्रकाशात अतिसूक्ष्म कणांची विरळ कडी उजळली. सुमारे चार तासांत ३२३ प्रतिमा घेतल्या गेल्या. त्यांपैकी १४१ जोडून अंतिम चित्र सिद्ध झाले आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याचा विस्तार सुमारे साडेसहा लाख किलोमीटर आहे. कॅमेरा मुळात रंग ओळखत नाही. लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतलेल्या प्रतिमा एकत्र करून रंग आणला जातो. त्या चार तासांत यान सरकत होते, चंद्रही सरकत होते. म्हणजे चित्रातला क्षण असा कधी अस्तित्वातच नव्हता. यानात कोणी माणूस असता, तरी त्याला हे दृश्य असे दिसले नसते.

येथे आक्षेप येतो : मग हे खोटेच नव्हे का? माझ्या मते नाही, आणि त्याचे कारण साहित्याच्या अभ्यासकाला लवकर पटावे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली, तेव्हा हाती आलेल्या पाठांतून त्यांना निवड करावी लागली. संपादित संहिता हीसुद्धा निवडून सिद्ध केलेली असते. तिचा खरेपणा संपादकाने काय केले हे सांगण्यावर अवलंबून असतो. कॅसिनीच्या चमूने ते सांगितले आहे. पृथ्वी, शुक्र, मंगळ आणि काही छोटे चंद्र शनीच्या तुलनेत साडेआठपट उजळ केले आहेत. ८०९ तारे सहा ते सोळापट. बाहेरची विरळ कडी दोन ते आठपट. ही माहिती चित्राच्या टिपेत आहे. ती टीप माझ्या लेखी चित्राचाच भाग आहे. आपल्याकडे मात्र हे चित्र भिंतीवर किंवा मोबाइलवर येते ते बहुधा टिपेविना. संपादकाची प्रस्तावना फाडून टाकलेली पोथी वाचावी तसे आपण ते वाचतो.

टीप गळते, पण नाव टिकते. ‘पृथ्वी हसली तो दिवस’ अशा अर्थाचे नाव या प्रसंगाला प्रतिमा-चमूच्या प्रमुख कॅरोलिन पोर्को यांनी दिले आणि लोकांनी त्या वेळी आकाशाकडे पाहून हसावे, असे आवाहन केले. पृथ्वी तेव्हा सुमारे १४४ कोटी किलोमीटर दूर होती. हे सगळ्या मानवजातीचे छायाचित्र, असा त्यामागचा भाव. भारतीय वाचकाने येथे घड्याळ पाहावे. पृथ्वीचा भाग टिपला जाण्याची ती पंधरा मिनिटे आपल्याकडे २० जुलैच्या पहाटे तीनच्या सुमाराची. शनी आपल्या क्षितिजाखाली गेला होता. त्याच्यासमोर अमेरिका खंड होता. आपण या चित्रात पाठमोरे आहोत, आणि बहुतेक जण झोपेत. पण पृथ्वी तेथे एका पिक्सेलहून लहान आहे. इतक्या अंतरावरून पुढची बाजू आणि मागची बाजू असा भेद उरत नाही. ‘सगळे’ हा दावा आवाहनाने सिद्ध होत नाही, तो या अंतराने सिद्ध होतो.

या ठिपक्यावर एक ठरावीक निरूपण चालते : बघा, माणूस किती क्षुद्र! १९९० साली व्हॉयेजर १ ने टिपलेल्या पृथ्वीच्या चित्रापासून ते रूढ झाले. मला ते अपुरे वाटते. तो ठिपका डोळ्यांत भरतो, कारण कोणीतरी बसून तो साडेआठपट उजळ केला आहे. क्षुद्रतेचा पुरावा म्हणून आपण जे दाखवतो, त्यात स्वतःला हुडकण्याची माणसाची धडपड आधीच मिसळलेली आहे. निरूपणकार ती वगळून उरलेले सांगतात.

म्हणूनच मला १५ सप्टेंबर २००६ चे चित्र अधिक जवळचे वाटते. तेही शनीच्या सावलीतून घेतलेले, १६५ प्रतिमांचे. त्यातही पृथ्वी आहे. पण तेव्हा जगाला हसायला कोणी सांगितले नव्हते. ते चित्र पाहणाऱ्याला काय वाटावे, हे आधी ठरवून ठेवलेले नाही. बरोबर अकरा वर्षांनी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, कॅसिनी शनीच्या वातावरणात शिरून नष्ट झाले. आता त्या जागेवरून पाहणारे कोणी नाही. उरल्या आहेत त्या प्रतिमा आणि त्यांच्या टिपा. यापुढे ही चित्रे मराठीत छापताना दोन्ही एकत्र छापाव्यात, एवढी माझी मागणी आहे.