आघात, अक्षर आणि संकेतांक

रशियन भाषेत एक शब्द असा आहे की पहिल्या स्वरावर जोर दिला तर ‘किल्ला’ होतो आणि दुसऱ्यावर दिला तर ‘कुलूप’. उच्चार ‘झामक’ आणि ‘झमोक’. लिहिताना मात्र पाचही अक्षरे तीच. सराईत वाचक संदर्भाने निभावून नेतो. शब्दकोशकाराला आणि परभाषक विद्यार्थ्याला स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ लागते. ती रेघ संगणकात कुठे ठेवायची, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. माझ्या मते तो मुळात भाषेचा आहे.

युनिकोडने रशियन आघातयुक्त स्वरांना स्वतंत्र संकेतांक दिलेले नाहीत. आधी साधा स्वर लिहायचा, मग त्यामागे ०३०१ क्रमांकाचे जोडचिन्ह. ही व्यवस्था मला योग्य वाटते, कारण आघात हा अक्षराचा भाग नसून त्यावरचा शेरा आहे. हे ठाऊक नसलेले लोक दिसायला सारखे म्हणून रोमन लिपीतले आघातयुक्त अक्षर सिरिलिक शब्दात घालतात. डोळ्याला फरक कळत नाही. शोध घेताना मात्र तो शब्द हाती लागत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. ‘मोय’ (माझा) या शब्दातले शेवटचे अक्षर रशियन वर्णमालेत स्वतंत्र आहे. त्यावरची चंद्रकोर हा शेरा नव्हे. त्याला ०४३९ हा स्वतःचा संकेतांकही आहे. तरीही युनिकोड त्याची फोड ‘इ’ अधिक चंद्रकोर अशी करते. शोध सोपा व्हावा म्हणून एखाद्या प्रणालीने सगळी अक्षरे फोडून वरची चिन्हे सरसकट गाळली, की आघाताबरोबर ही चंद्रकोरही जाते. ‘माझा’चे अनेकवचन होते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

‘यो’ या अक्षराची तऱ्हा आणखी निराळी. आठ-बिटी आयएसओ ८८५९-५ या वर्णसंचाची मांडणी युनिकोडने पुढे चालवली. त्यात ‘यो’ वर्णमालेच्या सलग रांगेबाहेर बसले. त्यामुळे ‘पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत’ अशी मर्यादा घालून शोधले की ते निसटते.

बल्गेरियन भाषेत ‘आणि’ व ‘तिला’ हे दोन्ही एकाक्षरी शब्द ‘इ’ असेच उच्चारले जातात. लिहिताना ‘तिला’वर उलटी तिरकी रेघ येते. विंडोज-१२५१ या वर्णसंचात हे रेघेचे अक्षर नव्हते. लोक त्याऐवजी चंद्रकोरीचे अक्षर किंवा नुसता ‘इ’ लिहीत. युनिकोडच्या १९९९मधील ३.० आवृत्तीत ते स्वतंत्रपणे आले. म्हणजे रशियन आघाताला जोडचिन्ह आणि बल्गेरियन सर्वनामाला पूर्ण अक्षर. दोन्ही निर्णय मला पटतात, कारण एका ठिकाणी रेघ ऐच्छिक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्यावाचून शुद्धलेखन पुरे होत नाही.

मराठी वाचकाने हे परक्याचे दुखणे समजू नये. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांतला भेद संगणकात नुक्त्यावर उभा आहे. ‘ऱ’ला ०९३१ हा संकेतांक आहे, पण त्याचीही फोड ‘र’ अधिक नुक्ता अशीच होते. नुक्ता गाळला की डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि स्वयंपाक्याचा गुरू. शिवाय युनिकोडच्या वर्गीकरणात आपले उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह त्याच गटात आहेत, ज्यात रशियन आघातचिन्ह आहे. रशियन मजकुरातला शेरा पुसणारा तोच बोळा आपल्या मजकुरावर फिरला तर शब्दच उरत नाही.

संकेतांक आकार सांगतो. त्या आकाराचा भाषेतला हुद्दा सांगत नाही. कोणते चिन्ह गाळता येते आणि कोणते नाही, याची यादी प्रत्येक भाषेच्या जाणकारांनीच करून द्यायला हवी. जुनी पुस्तके आज झपाट्याने संगणकात जात आहेत. तिथे गाळलेले चिन्ह परत आणायचे तर मूळ छापील प्रत जागेवर असावी लागते, आणि ती नेहमी असतेच असे नाही.