शिफ्टआड गेलेला ‘ळ’

इंडिक कीबोर्ड या मुक्तस्रोत कीबोर्डवर इनस्क्रिप्ट शिकायला बसलं की सुरुवातीला बोटं अडखळतातच. पण रचना उमगली की गोडी लागते: स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे, ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’. रोमन स्पेलिंगचे अंदाज बांधणं संपतं.

माझा आक्षेप वेगळा आहे. ही रचना अनेक भारतीय लिप्यांसाठी सामायिक. तिच्यात ‘ळ’ आणि ‘ण’ शिफ्टआड गेले, ‘ल’ आणि ‘म’च्या मागे. संगणकावर शिफ्टला दुसरा हात असतो. फोनवर एका अंगठ्याला दोनदा दाबावं लागतं. घाईत ‘वेळ’ची ‘वेल’ होते, ‘मूळ’चं ‘मूल’. आता स्रोत खुला आहे ना? मग मराठीपुरती वेगळी मांडणी आपणच करून बघायला हवी.