लॅक्टिक आम्लावरचा आळ

'धावल्यावर स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते, म्हणून दुसऱ्या दिवशी पाय दुखतात' हे वाक्य वर्गात आणि मैदानावर सर्रास ऐकू येते. विद्यार्थिदशेत मीही ते पाठ केले होते. तपासून पाहिले तर ते टिकत नाही.

याच्या मुळाशी असलेला प्रयोग खरा आहे. १९०७ साली केंब्रिजच्या फ्लेचर व हॉपकिन्स यांना बेडकाच्या थकलेल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल वाढलेले आढळले. ऑक्सिजन मिळताच ते कमी होते, हेही त्यांनीच दाखवले. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. प्रयोगाचा पहिला भाग सर्वांनी उचलला, दुसरा विसरला.

वेळेचा हिशेब पाहा. व्यायामानंतर रक्तातील लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्ववत होते. दुखणे मात्र एक-दोन दिवसांनी वाढते. त्याचे मूळ सवय नसलेल्या ताणाने स्नायुतंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजेत आहे. उलट लॅक्टेट हे हृदयाचे एक इंधनच आहे. जखमी सैनिकाच्या रक्तात ते वाढले तर डॉक्टर सावध होतात, तेही ऊतींना ऑक्सिजन कमी पडत असल्याची खूण म्हणून.

शिक्षकांनी हे वाक्य टाळू नये. फळ्यावर लिहून विचारावे, गड चढताना धाप लागते, मग मांड्या उतरल्यामुळेच जास्त का दुखतात? उत्तर शोधता शोधता मुले वाक्य स्वतःच खोडतील.