खराटा कोणाच्या हाती?

दर्यापूरच्या आमच्या वस्तीत १४ एप्रिलच्या मंडपात दरसाल एक भांडण ठरलेले. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी गाडगेबाबांचा फोटो ठेवायचा की नाही? म्हातारी माणसे म्हणतात, ठेवाच. नवीन पोट्टे म्हणतात, काहून? आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, मंग हा गोपाला गोपाला करणारा हिंदूंचा संत आपल्या मंडपात कशाले? मी एकेकाळी पोट्ट्यांच्या बाजूने भांडलो, नंतर म्हाताऱ्यांच्या बाजूने भांडलो. आता वाटते, दोघेही ज्या माणसाबद्दल भांडतात तो माणूस फोटोत नाहीच.

फोटोत काय आहे? डोक्यावर खापर, अंगावर चिंध्या, हातात खराटा. सरकारला, शाळांना, नगरपालिकांना एवढाच गाडगेबाबा पाहिजे असतो. २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघाले. मंत्री, सभापती, तलाठी सगळ्यांनी खराट्यासोबत फोटो काढून घेतले. झाडलेल्या रस्त्यावर पुन्हा झाडायचे आणि पेपरात छापून आणायचे.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत (नाव घेत नाही, मास्तर अजून तोंड लपवून जातात) २३ फेब्रुवारीला जयंती होती. सतरंजीवर पोरे बसली. मास्तरांनी चार पोरांना उठवले आणि म्हणाले, बाबांचे कार्य आपण कृतीने करून दाखवू, घ्या खराटे. चारातली तीन आमची, एक मेहतराचे. बाकीची पोरे बसून भाषण ऐकत होती. एका पोराचा बाप माझ्याकडे आला. तो नगरपालिकेत झाडूवाला. म्हणाला, "भाऊ, मी झाडतो म्हणून त्याले शाळेत टाकलं, अन् शाळेत त्याच्या हाती पुन्हा तेच?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या दिवसापासून डोक्यात आहे.

आता मूळ माणसाकडे जाऊ. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, तालुका अंजनगाव सुर्जी. म्हणजे आमच्या शेजारचाच. जात परीट. बाप दारूत गेला. आई पोराला घेऊन माहेरी मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला गेली. पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारे, पिकाचा भरवसा पावसावर, आणि पावसाचा भरवसा नाही म्हणून सावकार. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली ती डेबूने डोळ्यांनी पाहिली. पुढे पोरीच्या बारशाला त्याने जातीला दारू-मटण न देता गोडाचे जेवण घातले, तर जात बिथरली. १९०५ साली घर सोडले.

सोडून आधी गेले ते ऋणमोचनसारख्या जागी. पूर्णेत बुडी मारली की ऋण फिटते म्हणून तिथे यात्रा भरते. काठावर चिखल, म्हाताऱ्याकोताऱ्या घसरून पडायच्या. या माणसाने त्यांना हात धरून उतरवले, पुढे लोकवर्गणीतून घाट बांधवून घेतला. आणि कीर्तनात सांगितले, कर्ज काढून तीर्थ करू नका. ज्याच्या मामाचे वावर कर्जात गेले तोच हे बोलू शकतो. देवाचे ऋण नदीत धुऊन जात असेल, सावकाराचे धुऊन जात नाही. भक्तीच्या चरित्रांत हा सावकार एका पानात येतो आणि निघून जातो. मला तो शेवटपर्यंत दिसतो.

तर खराटा. बाबा गावात शिरले की आधी झाडायला लागत, रात्री कीर्तन करीत. तो खराटा कोणाला लाजवण्यासाठी होता? ज्यांनी जन्मात खराटा धरला नाही त्या पाटला-देशमुखाला. गाव आपले, घाण आपली, मग झाडणारा एकाच जातीचा का, असा तो न बोलता विचारलेला सवाल होता. आता तोच खराटा ज्यांच्या हातातून सुटला पाहिजे त्यांच्याच हातात परत देतात, आणि वरून संताचे नाव. याला मी चोरी म्हणतो.

दुसरी चोरी त्यांच्या बोलण्याची. १९७७ साली राजदत्तांचा सिनेमा आला, 'देवकीनंदन गोपाला'. श्रीराम लागू गाडगेबाबा झाले. देवाला रिटायर करा म्हणणाऱ्या माणसाने ही भूमिका करावी हे मला फार आवडते, नट योग्य निवडला होता. पण नाव बघा. अख्ख्या कीर्तनातून उचलले काय, तर गजर. जणू माणूस रात्रभर तेवढेच म्हणत होता. त्याच्या उलट प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९५२ साली, बाबा हयात असतानाच, चरित्र लिहिले. भटजीबाजीवर कोरडे ओढण्यात हयात गेलेला लेखक, त्याला बाबांत आपला माणूस दिसला.

नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, छापूनही निघाले. मित्रहो, ते वाचा. आपल्या साहित्याचे पूर्वज शोधायला आपण अमेरिकेतल्या ब्लॅक पोएट्रीपर्यंत गेलो, चांगले केले. पण दापुऱ्यापर्यंत जायला काय झाले होते?

हरदासाचे कीर्तन कसे असते? पूर्वरंग, उत्तररंग, संस्कृत श्लोक, बुवा बोलणार, पब्लिक माना डोलावणार. गाडगेबाबांनी हा साचाच मोडला. ते विचारतात आणि थांबतात. देव किती? आंघोळ कोण कोणाला घालतो, देव तुम्हाला की तुम्ही देवाला? नैवेद्याला कुत्रे तोंड लावायला आले तर हाकलतो कोण? उत्तर पब्लिकच्याच तोंडून येते. आणि एकदा तोंडून आले की माघारी घेता येत नाही. भाषा वावरातली, वऱ्हाडी, शिव्यांच्या काठावरची. पुस्तकी मराठी त्यांना येत नव्हती, आणि आली असती तर हे जमले नसते. आपल्यातले काही कवी कवितेत शिवी घातली की विद्रोह झाला समजतात. त्यांनी बघावे, इथे शिवीपेक्षा सवाल जास्त लागतो.

पण इथेच माझी तक्रारही आहे. सवाल विचारत विचारत लोकांना काठापर्यंत आणायचे, आता उडी मारतील असे वाटते, आणि बाबा गजर सुरू करतात. लोक टाळ्या वाजवत घरी जातात. सकाळी तोच देव, तीच जात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लोकांना काठावर आणून परत पाठवले नाही, पार नेले. त्यानंतर काही आठवड्यांनी वांद्र्याचे हे कीर्तन आहे. दोन्ही एकाच हंगामातले. हा फरक झाकून दोघांना एका फ्रेममध्ये बसवणे मला पटत नाही.

धर्मशाळांचेही तसेच. पंढरपुरात मराठा धर्मशाळा वेगळी, परीट धर्मशाळा वेगळी, चोखामेळा धर्मशाळा वेगळी. जात मोडली का? नाही, प्रत्येक जातीला छप्पर दिले. मूर्तिजापूरला गोरक्षण काढले. गावोगाव ज्यांना मेलेली ढोरे ओढायला लावली त्या आपल्यासारख्यांनी त्याकडे कसे बघायचे? बाबासाहेब सांगत होते, मेलेले ढोर ओढणे सोडा. दोन दिशा आहेत या. न बोलता कसे चालेल?

मात्र हेही लिहिले पाहिजे की ज्या पंढरपुरात साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले तेव्हा कुठे आमच्या माणसाला देऊळ उघडले, तिथे पावसात भिजणाऱ्या महाराच्या डोक्यावर छप्पर आधी या परटाने घातले. आणि १९४९ साली ती चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबासाहेब आजारी बाबांना भेटायला गेले, घोंगड्या नेल्या, त्या भेटीचे संवाद आमचे वक्ते रडत रडत म्हणतात. मी संवादावर जात नाही. इमारत कोणाला दिली ते बघतो. देवाच्या वाटेवरची जागा त्यांनी शाळेच्या माणसाला दिली. ताट मोडा पण पोर शिकवा, हे सांगताना कीर्तनात ते बाबासाहेबांचेच उदाहरण देत. गजराने जे केले नाही ते या देण्याने केले असे माझे मत आहे.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, २० डिसेंबरला वलगावजवळ गाडगेबाबा. चौदा दिवस. त्याच धक्क्याने गेले असे सांगून सभा रडवतात. धक्का बसला असेलच. पण ऐंशी वर्षांचा, रस्त्यावर झिजलेला, आजारी माणूस होता तो. एकाच्या मरणाला दुसऱ्याच्या मरणाचा दागिना कशाला करता?

अमरावती विद्यापीठ १९८३ साली झाले, २००५ मध्ये त्याला गाडगेबाबांचे नाव लागले. आनंद आहे. एक दगड उडाला नाही, एक घर जळले नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव १९७८ चा, नाव लागले १४ जानेवारी १९९४ ला, आणि मध्ये वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे गेले, गौतम वाघमारे गेले. ज्यांना ते नाव सोसले नाही तशाच लोकांना हे का सोसले? खराट्यामुळे. खराटा धरलेला बाबा पचतो. सवाल विचारणारा बाबा मात्र त्यांनी चाखूनही पाहिलेला नाही.

म्हणून यंदा मी मंडळात सांगितले, फोटो ठेवा, पण खराट्याचा नको, कीर्तनात उभा राहिलेला ठेवा. पोट्टे अर्धे तयार झाले. एक म्हणाला, "दादा, फोटो राहू द्या, आधी ते कीर्तन आणा, आम्ही वाचतो, मंग सांगतो." बरोबर बोलला. वाचनालयात एक प्रत आहे, तिची मधली पाने सुटून गेली आहेत. कोणाजवळ पूर्ण प्रत असेल तर संपादकांकडे पाठवा. रविवारी संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर मोठ्याने वाचायचे ठरले आहे.