अणुरचनेचा इतिहास आणि मागाहून आलेले शब्द

अणुरचनेचा इतिहास पाठ्यपुस्तकांत बहुधा चार चित्रांत आटोपला जातो: डाल्टनचा भरीव गोळा, थॉमसनचे पुडिंग, रदरफोर्डची सूर्यमाला आणि बोरच्या कक्षा. प्रत्येक चित्र मागच्याला खोडून काढते. या कथनातील घटना खोट्या नाहीत. परंतु ते ज्या शब्दांत केले जाते, ते पुष्कळ अंशी त्या घटनांनंतरचे आहेत, आणि हा दोष केवळ वरवरचा नव्हे.

थॉमसनचेच उदाहरण घ्यावे. १८९७ साली अभ्यासिलेल्या ऋणभारित कणांना तो ‘कॉर्पसल’ म्हणे. ‘इलेक्ट्रॉन’ ही संज्ञा स्टोनीने १८९१ मध्येच विद्युद्भाराच्या एककासाठी योजिली होती. थॉमसनने ती दीर्घकाळ स्वीकारली नाही. ‘पुडिंग’ हा शब्द तर त्याचा नव्हेच. त्याच्या १९०४ च्या निबंधात हे कण धनभारित गोलाच्या आत कडी करून फिरत असतात. पुडिंगातील बेदाणे फिरत नाहीत. आपल्याकडे त्यांच्या जागी येणाऱ्या कलिंगडाच्या बियाही नाहीत. उपमेने मूळ कल्पनेतील गतीच हिरावून घेतली.

रदरफोर्डच्या बाबतीत विपर्यास अधिक सूक्ष्म आहे. गायगर व मार्सडेन यांना १९०९ मध्ये प्लॅटिनमवर आदळणाऱ्या सुमारे ८००० आल्फा कणांपैकी एक मागे फिरताना आढळला. त्यावरून १९११ मध्ये रदरफोर्डने जो सिद्धान्त मांडला, त्यात ‘न्यूक्लिअस’ हा शब्द नाही. तेथे आहे तो केवळ ‘मध्यवर्ती भार’. तो भार धन की ऋण, हेही त्याने अनिर्णित ठेविले, कारण गणित दोन्ही परींनी जुळत होते. अशा अणूच्या स्थैर्याचा प्रश्नही त्याने तूर्त बाजूस सारला. ग्रहांसारखी रचना सुचविली होती ती नागाओकाने, १९०४ मध्ये, शनीच्या कड्यांच्या आधारे; रदरफोर्ड तिचा केवळ उल्लेख करतो. ‘रदरफोर्डने केंद्रक शोधले’ या वाक्यात त्याचा हा सारा संयम लोपतो, आणि अनुमान कोठे थांबवावे हे शिकविणारा प्रसंग विद्यार्थ्याच्या हातून निसटतो.

बोरच्या १९१३ च्या कक्षांना श्रोडिंगरच्या १९२६ च्या समीकरणानंतर आधार उरला नाही. इलेक्ट्रॉनचा मार्ग जाऊन त्याच्या आढळाची संभाव्यता तेवढी राहिली. मुलिकनने १९३२ मध्ये ‘ऑर्बिटल’ हे नाम रूढ केले, तेही मूळच्या विशेषणापासून. म्हणजे कक्षा नाकारणाऱ्या संज्ञेच्या पोटातही कक्षाच आहे. मराठीत ‘कक्षा’ हा शब्द खगोलातून आलेला, आणि त्याच्यापाठोपाठ ‘फिरणे’ हे क्रियापदही आले. कक्षा असत्य ठरल्याचे सांगणाऱ्या प्रकरणातसुद्धा इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतच असतो.